हक्काचा कागद

पुण्याच्या पुराभिलेखागारात रुमाल मागितला, की टेबलावर येतो तो कापडाचा एक भरगच्च गठ्ठा. चौकोनी जाडंभरडं फडकं, चारी टोकं उलटसुलट आवळून मारलेली गाठ, वर क्रमांकाची चिठ्ठी. गाठ सुटली की आत पुडकी, आणि पुडक्यांत अरुंद, लांबट कागद. कागद हाताने केलेला आणि घोटलेला, म्हणून अजून गुळगुळीत. शाई मात्र अशी काळी, की बोरू कालच दौतीत बुडवला असावा. कडेकडेने कसरीने खाऊन जाळी केलेली असते. वाचणारा आधी कागद हळूच सरळ करतो, मग डोळे बारीक करून पहिल्या ओळीत शिरतो.

असे सुमारे ३९ हजार रुमाल या एका संस्थेत आहेत. बंड गार्डन रस्त्यालगतची तिची दगडी इमारत १८९१ सालची. पेशवे दप्तर म्हणून मराठी माणूस ज्याचं नाव आदराने घेतो, ते हेच. त्यात राज्यांचे तह आहेत, मोहिमांच्या बातम्या आहेत, छत्रपती शाहूंच्या वेळचे कागद आहेत, आंग्र्यांचं दप्तर आहे. पण सगळ्यांत जास्त काय आहे? हिशेब. गावाचा वसूल, पागेचा दाणा, पथकांचा पगार, देवस्थानाचं तेलवातीचं इनाम. पुढे कुणी मराठ्यांचा इतिहास लिहील, त्याला हे उपयोगी पडेल, असा विचार करून यातला एकही कागद कुणी जपलेला नाही. कागद जपला तो हक्कासाठी. कुणाचं किती देणं, कुणाचं कुठलं वतन, कुणाला कुठून काय मिळायचं, हे सिद्ध करता यावं म्हणून. इतिहास त्याच्या पाठीवर बसून आला.

पेशव्यांच्या काळात या दप्तराची घडी फार बारकाईने बसवलेली होती. हुजूर दप्तरातले फड आणि पुण्यात कायम राहणारं एकबेरीज दप्तर, अशी त्याची मोठी अंगं. मुलखातून आलेले हिशेब एकबेरीज दप्तरात तपासले जात, खतावले जात, एकमेकांशी ताडून पाहिले जात. रोजकीर्दीत त्या त्या दिवशीचा सगळा व्यवहार उतरे. भरभराटीच्या दिवसांत दोनशेहून जास्त कारकून इथे बोरू चालवत होते. नाना फडणीस या व्यवस्थेचे खरे धनी. त्यांच्या हयातीत शिस्त टिकली. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात ती ढिली पडली आणि कागद बाहेर जाऊ लागले. तरीही १८१८ मध्ये राज्य गेलं तेव्हा इंग्रजांच्या हाती लागलेल्या दप्तरात १७२९ ते १८१७ अशा अठ्ठ्याऐंशी वर्षांचा राज्यकारभार बऱ्याच अंशी शाबूत होता.

इंग्रजांच्या वतीने एल्फिन्स्टनने हे कागद ताब्यात घेतले आणि मॅक्लिऑड नावाच्या अधिकाऱ्याला दप्तरावर नेमलं. इंग्रजांनाही इतिहास नको होता. नव्या मुलखात सारा किती बसवायचा आणि इनामदाराचा दावा खरा की खोटा, हे त्यांना ठरवायचं होतं. याच हेतूतून पुढे इनाम कमिशन उभं राहिलं. १८५२ च्या कायद्याने त्याला बळ मिळालं आणि गावोगावच्या इनामदारांना, जहागीरदारांना आपापल्या सनदा घेऊन हजर व्हावं लागलं. ज्याच्याकडे कागद नाही किंवा कागद पुरेसा नाही, त्याचं इनाम खालसा. हजारो घराण्यांची इनामं अशी गेली. या कमिशनने खासगी घरांतून गोळा केलेले कागद आजही दप्तरात ‘जमाव’ या नावाने वेगळे आहेत. या दप्तरावर देखरेख करणाऱ्या कचेरीचं इंग्रजी नावही ‘एलिएनेशन ऑफिस’ होतं. म्हणजे सारा माफ असलेल्या जमिनींची कचेरी. नावात इतिहासाचा गंधही नाही.

या कमिशनने आणखी एक गोष्ट केली. तिचे परिणाम मराठी इतिहासाने पुढची पन्नास वर्षं भोगले. घराघरांत भीती बसली. दारात आलेल्या अनोळखी माणसाने जुने कागद मागितले, तर तो सरकारचा असणार आणि उरलंसुरलं वतनही जाणार, अशी समजूत झाली. पेटाऱ्याला कुलूप लागलं. काही घरांत पुढच्या पिढीला मोडी वाचता येईना, तरी कुलूप निघालं नाही.

*

हे कागद वाचायचे म्हणजे काय, ते जरा जवळून पाहिलं पाहिजे. मोडी लिहिणारा आधी कागदावर आडवी रेघ ओढून घेई आणि मग त्या रेघेखाली अक्षरं एकमेकांत गुंफत जाई. शब्द कुठे सुटतो आणि पुढचा कुठे सुरू होतो, याची खूण नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, त्यामुळे ‘दिन’ आणि ‘दीन’ सारखेच दिसणार. मोठं पत्र लिहिताना एक कागद पुरला नाही, तर दुसरा खाली चिकटवत. मग जोडावर पाठीमागून शिक्का उठवत, मधला तुकडा कुणी बदलू नये म्हणून. पत्र संपलं की त्याखाली अखेरची मुद्रा. शिवाजी महाराजांच्या पत्रांखाली ‘मर्यादेयं विराजते’ ही मुद्रा येते, तिचा अर्थच असा की लेखनाची सीमा इथे झाली, यापुढे कुणी एक अक्षर घालू नये. पेशवाईत ‘मोर्तब सूद’, ‘सुरू सूद’, ‘बार सूद’ अशा शेऱ्यांवरून पत्र कुठकुठल्या हातांखालून गेलं ते कळतं. खोटेपणाची धास्ती त्या काळच्या कारकुनाला आपल्याहून कमी नव्हती.

तारखेची गंमत तर निराळीच. पत्रात साल येतं ते पुष्कळदा शुहूर सन म्हणून, तेही अरबी शब्दांत आणि उलट्या क्रमाने. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असं दिसलं की वाचक बोटं मोडतो. इहिदे म्हणजे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. एकूण ११६१. हे साल मृग लागला की बदलतं. म्हणून पत्र जून ते डिसेंबरातलं असेल तर ५९९ मिळवायचे, जानेवारी ते मे मधलं असेल तर ६००. उत्तर येतं १७६०-६१. हे पानिपतचं साल. आकडा जुळला की हातातला तो साधा कागद एकदम जड वाटू लागतो.

पण निम्म्याहून जास्त वेळा सालच नसतं. भाऊ भावाला लिहितो, वकील धन्याला लिहितो, दोघांनाही साल माहीत, मग लिहायचं कशाला? फक्त ‘छ’ म्हणजे चंद्र आणि पुढे मुसलमानी महिन्याची तारीख. अशा पत्राचं साल ठरवायला मजकुरातली माणसं, मुक्काम, एखाद्याच्या मरणाची बातमी, नदीला आलेला पूर, असं सगळं धरून चालावं लागतं. एका तारखेवर दोन अभ्यासकांची वर्षानुवर्षं भांडणं झाली आहेत आणि ती भांडणं योग्यच होती. पत्राचं साल एका वर्षाने सरकलं, तर आधीचं कारण नंतरचं होतं.

वतनाच्या कागदांत आणखी एक वाट आहे, बनावट कागदांची. देशमुखी दोन भावांत अडली, पाटीलकीवर दुसऱ्याने दावा सांगितला, की जुन्या तारखेची सनद ‘सापडे’. अभ्यासक मग तिथीला खरोखर तो वार होता का ते पाहतो, पत्रावर शिक्का असलेला अधिकारी त्या साली त्या हुद्द्यावर होता का ते पाहतो, फारसी शब्दांचं प्रमाण त्या काळाला धरून आहे का ते पाहतो. आणि खरा महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, हाती आला, तर त्याच्यासारखा बोलका कागद नाही. गोतसभेत निवाडा झाला, त्याखाली साऱ्या गावाच्या खुणा. पाटलाचा नांगर, शेट्याचा तराजू, कुलकर्ण्याची लेखणी-दौत. लिहिता न येणाऱ्या माणसाची सही इतक्या स्पष्टपणे दुसरीकडे क्वचितच पाहायला मिळते.

*

मराठी माणसाने कागदांना इतिहास म्हणून प्रथम हात घातला तो रागाने. ग्रँट डफ साताऱ्यात इंग्रजांचा प्रतिनिधी होता. तिथले कागद त्याने पाहिले आणि १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास छापला. मराठी शाळांत त्याचं भाषांतर शिकवलं जाऊ लागलं. १८६८ मध्ये नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुणाने त्यावर टीका लिहिली. मराठ्यांचा इतिहास मराठी साधनांवरून तपासला पाहिजे, ही मागणी तिथून धरली जाते. दहा वर्षांनी, १८७८ मध्ये, काशीनाथ नारायण साने आणि जनार्दन बाळाजी मोडक यांनी ‘काव्येतिहाससंग्रह’ हे मासिक काढलं. बखरी, पत्रे, याद्या त्यांनी ओळीने छापल्या. सरकारी दप्तराचं दार मात्र बंदच राहिलं. गणेश चिमणाजी वाड यांच्यासारख्या सरकारी अधिकाऱ्याने परवानगीने रोजनिशींतून उतारे काढले. त्यांवरून न्यायमूर्ती रानडे यांनी पेशव्यांच्या राज्यकारभाराचं विवेचन केलं. सामान्य संशोधकाला आत जायला मिळत नव्हतं.

मग उरली घरं. कुलूप लावलेली घरं.

वासुदेवशास्त्री खरे मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकवत. पटवर्धन सरदारांचं दप्तर त्यांना पाहायला मिळालं. शाळा सांभाळून त्यांनी ते वाचलं, निवडलं, नकलून काढलं. १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ भागाभागाने निघू लागला. पटवर्धनांची माणसं स्वारीतून घरी पत्रं लिहीत, ती सरकारी खलित्यांहून मोकळी आहेत. पैसा थकलाय, घोडी मेलीत, पाऊस थांबत नाही, सरदार आपसांत बोलत नाहीत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातलं मराठी राजकारण आतून कसं दिसत होतं, हे खऱ्यांनी छापलेल्या पत्रांतून कळतं तितकं कुठल्याच बखरीतून कळत नाही. १९२४ मध्ये ते गेले तोवर बारा भाग निघाले होते. एका माध्यमिक शिक्षकाच्या हातून झालेलं एवढं काम मराठीत दुसरं सांगता येणार नाही.

आणि राजवाडे. विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांचं नाव घेतलं की लोकांना त्यांचा तापट स्वभाव आधी आठवतो. त्यांचं चालणं आधी आठवायला हवं. तरुणपणीच पत्नी वारली, पुन्हा लग्न केलं नाही, नोकरीत रमले नाहीत, ‘भाषांतर’ मासिक चालेना. वाईच्या एरंडे यांच्याकडच्या कागदांत त्यांना पानिपतच्या आगेमागची पत्रं मिळाली आणि १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला. असे बावीस खंड झाले. मधली सगळी वर्षं ते गावोगाव हिंडले. स्वतः शिजवून खायचं, पेटारा दाखवा म्हणून विनवायचं, कुणी नाही म्हटलं तर पुन्हा यायचं. कित्येक ठिकाणी उशीर झालेला असे. कागद वाण्याच्या दुकानात पुड्या बांधायला गेलेले, वाळवीने मातीसारखे केलेले, अडगळ म्हणून नदीत सोडलेले. ज्या घरांनी दिले त्यांनी मात्र विश्वासाने दिले. हा माणूस सरकारचा नाही आणि आपलं वतन घ्यायला आलेला नाही, हे त्यांना पटलं. इनाम कमिशनची भीती घालवायला असा फकिरी माणूसच लागत होता, असं म्हणावंसं वाटतं.

७ जुलै १९१० रोजी राजवाडे आणि सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं. कागद ठेवायला जागा झाली, वाचून दाखवायला सभा झाली, छापायला इतिवृत्तं झाली. पुढे मंडळाशी बिनसलं आणि राजवाडे धुळ्याला निघून गेले. १९२६ च्या शेवटच्या दिवशी तिथेच त्यांचं निधन झालं. पुढच्याच वर्षी धुळ्यात त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं.

मंडळाने लोकांच्या मनातली भीती किती घालवली, याचं उत्तम उदाहरण जेधे शकावलीचं. भोरजवळच्या कारी गावच्या जेधे देशमुखांकडे जुन्या नोंदींचं एक टाचण होतं. जेध्यांचं घराणं शिवाजी महाराजांच्या पहिल्या साथीदारांपैकी. त्यांनी हे टाचण लोकमान्य टिळकांच्या हाती दिलं. टिळकांनी ते १९१६ मध्ये मंडळातर्फे प्रसिद्ध केलं. त्यात महाराजांच्या जन्माची तिथी फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ अशी निघाली. म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. पूर्वी धरलेल्या तारखेपासून ती तीन वर्षं अलीकडे आली आणि त्यावर मराठी वृत्तपत्रांत कितीतरी वर्षं शाई सांडली. एका देशमुखाच्या घरी घराण्याच्या अभिमानाने जपलेली चार पानं, आणि राज्याची सुट्टी त्यांवर ठरते.

*

राजकीय पत्रांची खरी श्रीमंती पाहायची तर वकिलांची दप्तरं पाहावीत. मराठ्यांचे वकील दरबारोदरबारी बसलेले असत आणि रोजचं ऐकलेलं, पाहिलेलं कळवत. दिल्लीची वकिली हिंगण्यांच्या घराण्यात होती. त्यांचा वाडा नाशिकजवळच्या चांदोरीला. बादशहाचा वजीर आज कुणाला भेटला, खजिन्यात काय शिल्लक, रोहिले कुठवर आले, हे ‘हिंगणे दप्तर’ नावाने मंडळाने छापलेल्या खंडांत वाचायला मिळतं. हैदराबादेत गोविंदराव काळे बसले होते. महादजी शिंद्यांनी बादशहाकडून वकील-इ-मुतलकीचा मान पुण्याला आणला, तेव्हा काळ्यांनी १७९३ मध्ये नानांना लिहिलेलं पत्र आजही भाषणांत वाचलं जातं. पत्रातला आनंद खराच आहे. पण त्याच पत्रात महादजी आणि नाना यांच्यात फूट पडेल, अशा चुगल्यांना जागा देऊ नये, अशी काळजीही आहे. भाषणं आनंदाच्या ओळी घेतात. दप्तर वाचणारा काळजीच्या ओळींवर थांबतो.

नानांचा स्वतःचा साठा होता वाईजवळच्या मेणवलीला. कृष्णेकाठचा वाडा, घाट, चिमाजी अप्पांच्या वसईच्या विजयाची आठवण असलेली पोर्तुगीज घंटा, हे सगळं अजून तिथे आहे. कागद नाहीत. मेणवलीचे कागद साताऱ्याच्या दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी मिळवले. पारसनीस म्हणजे संग्राहक, हाडाचे. ‘भारतवर्ष’ आणि ‘इतिहाससंग्रह’ या नियतकालिकांतून ते साधनं छापत राहिले. साताऱ्यात त्यांच्या संग्रहाचं म्युझियम झालं, आणि ते गेल्यानंतर, १९३९ मध्ये, तो संग्रह पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आला. नानांच्या काही कागदांनी तर समुद्र ओलांडला. पानिपतावरून एकोणिसाव्या वर्षी जीव वाचवून परतलेल्या नानांनी आपल्या आयुष्याचा थोडा वृत्तांत लिहून ठेवला होता. तो ब्रिग्ज या इंग्रज अधिकाऱ्याच्या हाती लागला आणि त्याचं इंग्रजी भाषांतर लंडनला रॉयल एशियाटिक सोसायटीने छापलं.

सरकारी दप्तराचं दार उघडलं ते शेवटी १९३० च्या सुमारास. बडोद्याच्या नोकरीतून निवृत्त होऊन कामशेतला राहिलेले गोविंद सखाराम सरदेसाई, ‘मराठी रियासत’चे कर्ते, वयाच्या पासष्टीला या रुमालांपुढे बसले. बंगालचे जदुनाथ सरकार त्यांचे जुने स्नेही. दप्तर उघडावं म्हणून सरकारदरबारी त्यांचा शब्द खर्ची पडला. चार-पाच वर्षांत ‘सिलेक्शन्स फ्रॉम द पेशवा दफ्तर’चे पंचेचाळीस खंड बाहेर आले. दुसरा खंड पानिपतचा, सोळावा वसईच्या मोहिमेचा. बाहेरच्या संशोधकांना इतकी वर्षं अडवून एकाच माणसाच्या हाती किल्ली दिली, याचं मंडळातल्या काहींना वाईट वाटलं. ते वाटणं समजण्यासारखं होतं. सरदेसाईंच्या निवडीत राजकारण भरपूर आलं, बाजारभाव आणि शेतसारा कमी आला, हीही तक्रार खरी आहे. पण या वयात, मदतनिसांची एक लहानशी तुकडी घेऊन, हजारो रुमाल चाळून त्यांनी जे हाती दिलं, त्यावर पुढच्या चार पिढ्यांनी प्रबंध लिहिले. १९३३ मध्ये त्यांनी दप्तराची मार्गदर्शिकाही तयार केली. कुठल्या विभागात काय आहे, हे त्यामुळे पहिल्यांदा सर्वांना कळलं.

मधल्या काळात मोडी शाळांतून गेली. छपाईने बाळबोधीला जवळ केलं होतं, कचेऱ्याही वळल्या. १९५० नंतर जन्मलेल्या मराठी माणसाला आजोबांचं खतपत्र वाचता येईना. पंचेचाळीस खंडांबाहेर राहिलेला दप्तराचा फार मोठा भाग तेव्हापासून आणखी मुका झाला. पुराभिलेख विभाग, मंडळ आणि काही विद्यापीठं मोडीचे वर्ग चालवतात. वर्गात शिक्षक, निवृत्त कारकून, वकील, इतिहासाची मुलं असतात. पहिल्या आठवड्यात सगळ्यांचा ‘क’ आणि ‘फ’ यांत गोंधळ होतो.

२०२३ च्या शेवटी या वर्गांतून शिकलेल्यांना एकाएकी मागणी आली. आरक्षणासाठी मराठा समाजातल्या कुणबी नोंदी शोधायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली होती. जिल्हाधिकारी कचेऱ्या, तहसील कार्यालयं, शाळांची जुनी रजिस्टरं उपसली जाऊ लागली आणि त्यांतली कितीतरी मोडीत निघाली. जिल्होजिल्ही मोडी जाणणाऱ्यांचा शोध सुरू झाला. तहसीलच्या खोल्यांत ट्यूबलाइटखाली ही माणसं पिवळ्या पानांवर बोट ठेवून एकेक नाव, गाव आणि त्यापुढचा शेरा वाचून सांगत होती. बाहेर व्हरांड्यात लोक पणजोबांचं नाव चिठ्ठीवर लिहून थांबलेले होते.